उपयुक्त साठा

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना,
वरच्या मजल्यावर मी निर्यातीची कागदं बघते.
माझ्या आधी या खुर्चीवर दासरी काका होते.
जाताना त्यांनी ड्रॉवरची किल्ली दिली
आणि आलेखाच्या कागदाची एक गुंडाळी:
निळी रेघ बेटाची, तांबडी डोंगरातल्या देशाची,
एकोणीस वर्षं, दर तिमाहीला एक टिंब.

दोन्ही देश मिळून आपल्या जिल्ह्याएवढी माणसं.
एकाला हॉटेलांसाठी पांढरे टॉवेल लागतात,
दुसऱ्याला जाड, मळखाऊ रंगाचे.
सोलापूर कुठं आहे हे त्यांना ठाऊक नसलं तरी चालतं.
आम्हाला ठाऊक असावं लागतं
त्यांच्या तिजोरीत आज डॉलर किती.

कारण एकदा बेटाची बँक म्हणाली, थांबा.
मालात खोट नव्हती. गिऱ्हाईक बुडवं नव्हतं,
त्यानं आपल्या चलनात रक्कम भरलीसुद्धा होती.
देशाकडेच डॉलर उरले नव्हते.
अकरा हजार डझन टॉवेल परक्या बंदरात
आणि इथं शनिवार, पगाराचा,
खाली यंत्रमाग बंद करून उभी असलेली माणसं.

"पेपरवाले याला गंगाजळी म्हणतात," काका म्हणायचे.
"गंगा मी बघितली नाही. उजनी बघितलीय."

मला फार शिकवावं लागलं नाही.
नीलम नगरात नळ पाचव्या दिवशी येतो.
चार पिंपं म्हणजे श्रीमंती नव्हे,
चार पिंपं भागिले सात माणसं, म्हणजे किती दिवस, ते खरं.
काकाही तेच करत: साठा भागिले महिन्याची आयात.
"आकड्याला भुलू नको, पोरी. भाग दे."

तांबडी रेघ मुंगीसारखी चढते.
त्या देशाची पोरं परमुलखात विटा उचलतात,
त्यांनी धाडलेलं थोडं थोडं तिच्यात आहे.
निळी हंगामात उसळते, पाहुणे गेले की बसते.
एका वर्षी ती कागदाच्या तळाला टेकली,
तर काकांनी खाली आणखी एक कागद डकवला.
उजनी उणे जाते, दुबार पंपिंग लागतं,
मग देश का नाही जाणार?
तो डकवलेला कागद कोराच राहिला. डिंक पिवळा पडलाय.

मग निळी एकदम वर.
मालक कुरापाटी पेढे घेऊन आले.
काकांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले,
लग्नघरात शेजारच्या टाकीतून भरून घेतलेली पिंपं आहेत ही.
पाहुण्यांना पिंपं दिसतात. पाइप दिसत नाही.

परवा बेटाची ऑर्डर आली, पूर्वीच्या दुप्पट.
मालकांचा पोरगा लॅपटॉप फिरवून दाखवतो, वाढलीय की!
मी भाग दिला. अडीच महिने.
निम्मी रक्कम आगाऊ मागितली.

उत्तर तिथल्या खरेदीवाल्या बाईंचं.
दर मान्य, आगाऊ मान्य, आणि खाली, कामाशी संबंध नसलेल्या चार ओळी:
त्या वर्षी तुमचे टॉवेल आमच्या बंदरात पाच महिने होते.
माझी बहीण तेव्हा बाळंत झाली.
इस्पितळात पुसायला कापड नव्हतं, आम्ही पडदे फाडले.
गोदाम खिडकीतून दिसायचं.

एकोणीस वर्षांत त्या टिंबाला खिडकी आहे
हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.
मी पत्र दोनदा वाचलं. आगाऊ रक्कम कमी केली नाही.
ते माझ्या हातात नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं,
ते थोडंफार होतं.

रात्री पावणेतीनला नळ खरखरला.
तिसरं पिंप भरत असताना भिंतीपलीकडून इरव्वा म्हणाली,
आमच्याकडं चढंना ओ, जरा पाइप टाका की इकडं.
टाकला.
झोपेत उभी राहून मी पाण्याचा आवाज ऐकत होते.
तिच्या पिंपात चढलेलं ते पाणी
कुणाच्या रेघेत धरायचं,
काकांनी सांगितलं नव्हतं.