बहात्तरास एक

दिवसभर मी दात करते. लोकांचे.
लालबागला, पोटमाळ्यावर, आधी मेणात, मग ॲक्रिलिकमध्ये.
रात्री साडेनऊनंतर त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली
विमानं.

हसू नका, हत्यारं तीच लागतात:
बारीक कानस, चिमटा, स्पिरिटची चिमणी,
वेडेवाकडे दात आवळायची तार.

विमानांतही देखणी नकोत मला.
पोरं वहीच्या मागच्या पानावर काढतात ती बाणासारखी,
ती करणारे पुष्कळ आहेत.
मला जहाजावरची हवीत, पंख मोडून उभी,
जशी एखादी बाई दोन्ही हातांनी लुगडं वर धरून
तुंबलेल्या गटाराशी थांबावी,
जावं की नाही.
खेकडा म्हणून पाहिलं. उलटी झालेली छत्री म्हणून पाहिलं.
एकही उपमा चिकटली नाही. सरस कमी पडला.

त्यात सगळ्यात अवघड ध्यान म्हणजे आलिझे.
पंखांखाली दोन दुधी भोपळे, चाकं ठेवायला.
पोटात घागर, समुद्रावर गेलं की खाली सोडायची,
पाणबुडीचा माग काढायला.
नावाचा अर्थ म्हणे दर्यावरचा वारा.
हे रूप आणि हे नाव!
ठेवणारी आईच असणार.

मुणगेकर आले ते खालच्या कवळीसाठी.
मापाचा लगदा तोंडात, बोलायची सोय नाही,
डोळे मात्र माझ्या काचेच्या कपाटावर.
लगदा काढला, चूळ भरली, आणि पहिलं वाक्य:
"कोन चुकलाय."

मी कवळीचाच समजले.

"पंख असा खांबासारखा सरळ नसतो हो उभा.
आत कलतो. हे बघा."
आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस,
गळ्यात माझा हिरवा फडका,
दोन्ही कोपरं वर करून, हात डोक्यावर झुकवून
खुर्चीत विमान झाला.
उजवा खांदा पूर्ण वर जाईना.
"हा जाम आहे. तेल घालायला हवं."

अकरा वर्षं डेकवर काढलेली.
उडताना फार पाहिलीच नाहीत म्हणाले.
आमचं काम ती परत आल्यावर:
पंख मिटवा, लिफ्टवर ढकला, खाली हँगरात
याचं नाक त्याच्या शेपटाखाली.
आणि उडायच्या आधी, पंख उघडले की,
कुलूप नीट बसलं नसेल तर
वरून एक तांबडी पट्टी डोकावायची. बोटभर.
ती आत गेली की अंगठा वर करायचा.
"झोपेतसुद्धा बघायचो ती पट्टी. बायको वैतागायची."

जहाज दारूखान्यात कापायला घेतलं
त्या महिन्यात ते मुलीकडे विरारला जाऊन राहिले.
एवढंच सांगितलं. फडका घडी घालून दिला.

त्या रात्री मी चिकटवलेले पंख करवतीने सोडवले.
पहिली बिजागरी जाड झाली. दुसरी तुटली.
तिसरी दाताच्या सगळ्यात बारीक तारेची, ती हलली.
पट्टीसाठी तांबडा शिल्लक नव्हता,
हिरड्यांचा गुलाबी होता.

गुरुवारी कवळी बसवली. त्यांनी आरसा घेतला नाही,
विमान घेतलं.
नखाने डावा पंख उघडला, थांबले, चष्मा वर सारला.
"गुलाबी आहे ही," म्हणाले,
म्हणजे नव्या दातांतून जे काही आलं ते,
अर्धी शीळच.
पट्टी आत दाबली.
अंगठा वर केला, मला नव्हे, दाराकडे कुणाला तरी.

उजवा पंख त्यांनी उघडलाच नाही.
कवळी डावीकडे टोचत होती, पुढच्या आठवड्यात घासून दिली.
विमान तसंच ठेवलंय कपाटात,
एक हात पसरलेला, एक डोक्यावर.
गिऱ्हाइकं विचारतात, तुटलंय का?