पाढे

डेटनच्या शाळेचा हॉल.
बाहेर मार्चचा मळका बर्फ.
माईकवर डॉक्टर राजवाडे:
"आपली माणसं पुढं का जातात?
चिकाटी, काटकसर, पाढे."

शेवटच्या रांगेतून
अच्युतकाकांची टाळी, जरा उशिरा.

काका चहाची पिशवी दोनदा बुडवतात.
दुकान तीनदा उघडलं;
तिसऱ्यांदा मिटलं तेव्हा
कुलूपही विकलं, चार डॉलरला.

एक्याऐंशी साली दोघांची एकच खोली,
एकच फोन.
तो वाजला तेव्हा काका लाँड्रीत होते,
राजवाड्यांचेही कपडे घेऊन.

आता हॉल रिकामा.
काका खुर्च्या रचतात, नऊ-नऊची चळत,
पुटपुटत:
एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट.

भरतात दोनशे साठच.
उरलेल्या एकीवर राजवाडे
अजून बसलेत,
फोनवर.