तिसऱ्या मजल्यावर

शुक्रवार. महबूला, ब्लॉक एक.
लिफ्ट बंद, म्हणून शीलवानकाका दर मजल्याला थांबत चढतात.
बगलेत शास्त्र, हातात खुबूसची गरम पिशवी.
चपला आत घ्या, दाराबाहेर नको,
तेवीस जोड दिसले की हारिस प्रश्न विचारतो.

इतर सहा दिवस ही आम्हा चौघींची झोपायची खोली.
गाद्या भिंतीला उभ्या केल्या की झालं देऊळ.
एसी खोकतो. बाहेर धूळ इतकी
की समुद्र आहे हे आठवावं लागतं.

काका आज पहिल्या मंडळीवर बोलतात.
सगळं समाईक होतं त्यांचं. कुणी शेत विकलं, कुणी घर.
रोज घरोघर भाकर मोडायचे.
आम्ही आमेन म्हणतो.
माझ्या डोक्यात हिशोब चालू:
ओव्हरटाइमचे चाळीस दिनार, पाकिटात घातले पाच.
कुणी विचारलं नाही,
म्हणजे मी खोटं बोलले नाही.
शेत विकून थोडं मागे ठेवणाऱ्या त्या नवरा-बायकोचं
पुढे काय झालं, ते काका आज गाळतात.
बरं करतात.

खिडकीशी आमोस थोरात, राहुरीचा.
रिफायनरीत स्कॅफोल्डिंग बांधतो,
रात्रभर आभाळात, दिवसा बंकबेडच्या वरच्या फळीवर.
आज फळीऐवजी इथे आला.
शिफ्ट संपलेली क्रेन मान उतरवते
तसं त्याचं डोकं खाली येतं.
पहिलं घोरणं लहान.
दुसरं थेट काकांच्या वाक्यात घुसतं.
रत्नमालाबाई कोपर सरसावतात.
काका हात वर करतात.

तेव्हाही एक पोरगा होता, म्हणतात.
असाच खिडकीत. असाच तिसऱ्या मजल्यावर.
उपदेशक मध्यरात्र झाली तरी थांबेना,
पोरगा पेंगला, आणि पडला खाली.

ही गोष्ट मला ठाऊक आहे.
मिरजेला शब्बाथ शाळेत बाईंनी पट्टी हातात धरून सांगितली होती:
देवाच्या घरात झोपू नये.
तीस वर्षं मी तेवढाच अर्थ सांभाळला.

"त्याला कुणी रागावलं का? बघा बरं."
आम्ही पानं उलटतो. बोटं ओळींवरून फिरतात.
नाही. कुणीच नाही.
बोलणारा बोलणं टाकून जिना उतरला,
पोराला कवेत घेतलं,
म्हणाला, घाबरू नका, जीव आहे ह्याच्यात.
मग सगळे परत वर गेले आणि जेवले.

काका चष्मा पुसतात.
"दिवसभर ओझी वाहिलेला असणार तो.
तसं लिहिलेलं नाही हां. पण मला वाटतं."
आणि उठून ट्यूबलाइट घालवतात.

उरलेली उपासना आम्ही कुजबुजत केली.
गीत नुसतं ओठांनी.
खुबूस मोडताना कडेचा चुरा सतरंजीवर सांडला,
विम्टो इवल्या कागदी कपांतून फिरलं,
आणि एक तुकडा, एक कप
खिडकीच्या कट्ट्यावर बशीखाली झाकून राहिला.
आमोस दचकून जागा झाला तेव्हा भातही उकडून झाला होता.
"संपलं का?"
"नाही रे," रत्नमालाबाई म्हणाल्या, "तूच राहिलायस."

सोमवारी रात्री, वॉर्ड चार.
आजारी बापाच्या पायथ्याशी बसलेला मुलगा
खुर्चीतल्या खुर्चीत वाकडा झालेला.
एरवी मी ट्रे जरा जोरात ठेवते,
पाहुण्यांना झोपायची परवानगी नाही.
ट्रे हातातच धरून थोडी उभी राहिले.
मग डोक्यावरचा दिवा घालवला,
सलाइन मोबाइलच्या उजेडात बदललं.

पस्तीस दिनार अजून गादीच्या अभ्र्यात आहेत.
त्यावर हात ठेवून झोपते.
पुढच्या शुक्रवारी पुन्हा गादी उभी करायची आहे,
भिंतीकडे, उलटी,
म्हणजे शिवण कुणाला दिसणार नाही.