जुन्या मापाने नाही

मेहिकालीत जुलैमध्ये लोखंडाला हात लावायचा नसतो.
एवारिस्तो पान्हे पाण्याच्या बादलीत ठेवतो,
एकेक काढतो, पुसतो, वापरतो.
गाडी माझ्या बापाची. शहाऐंशी सालची मार्क्विस,
बोटीएवढी लांब, आणि आत भट्टी.

'आधी जुना वायू टाकीत काढून घ्यायचा.
हवेत सोडायचा नाही. वर भोक पडतं.'
वर म्हणजे कुठे, ते तो हनुवटीने दाखवतो.
पत्र्याच्या छपराला आधीच तीन आहेत.

मग सांधे सुटतात. चहाच्या रंगाचं तेल
घाई नसल्यासारखं वाटीत उतरतं.
'हे नव्यात मिसळत नाही.
कुठेतरी कोपऱ्यात साचून राहतं,
आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून मरतो.'
मी नळ्या धुते. दोनदा.
तो काही न बोलता
नळी पुन्हा माझ्या हातात देतो.

काळ्या रबरी कड्या बोटात धरताच तुटतात.
त्या जागी हिरव्या.

बाप ह्याच वायूचे डबे पलीकडे न्यायचा.
तिकडे तो बनायचा बंद झाला होता
आणि उन्हाळा काही बंद झाला नव्हता,
म्हणून सोन्याच्या भावाने जायचा.
दारांच्या अस्तरात बारा, राखीव चाकात चार,
आणि पुढच्या सीटवर मी, शाळेच्या गणवेशात,
शिपायाकडे बघून हसायला.
रांग दोन दोन तास हलत नसे.
लोक काचा उतरवून वर्तमानपत्राने वारा घेत,
आम्ही काचा लावून गारेगार.
मला वाटायचं, सरहद्द म्हणजे
जिथे थंडी वाजते ती जागा.

एका मंगळवारी मी हसायला विसरले.
तसं कोणी म्हणालं नाही. मीच म्हणते.

दंड भरून आईने गाडी सोडवली.
बाप सुटला तो आला नाही.
फ्रेझनोला असतो म्हणे. तिथे त्याला मुलगा आहे.

डाव्या दाराची काच अडकते
म्हणून एवारिस्तो जाता जाता अस्तर काढतो,
आणि चिंधीत गुंडाळलेला एक डबा
त्याच्या मांडीवर पडतो.
शिपायांच्या हाताला न लागलेला.
तो कानाशी धरून हलवतो.
'भरलेला आहे.' आणि बऱ्याच वेळाने,
'हा घातला तर एवढं सगळं करायला नको.
एक उन्हाळा निघेल. ताणला तर दोन.'

आईशी त्याचं लग्न होऊन पाच महिने झालेत.
मी त्याला अजून अहो-जाहो करते.
तो वाट बघतो.
भुवईवरचा घाम पान्ह्यावर पडतो आणि सुकतो.

'नळ्या तर धुऊन झाल्या,' मी म्हणते.

पाऊण तास पंप आतली हवा ओढतो.
मग पंप बंद, आणि आम्ही
चिनी खानावळीतला भात खात
काट्याकडे बघत बसतो.
काटा वर सरकला तर कुठेतरी गळतंय.
मधेच एक माशी काचेवर बसते
आणि दोघांचाही घास थांबतो.
सरकत नाही.

भरताना तो डबा वजनकाट्यावर ठेवतो.
'मूळ मापाच्या ऐंशी टक्के. बस.
जुन्या मापाने भरलं की दाब चढतो.'
'आणि गार?'
'होईल.' झडप बंद करतो. 'तेवढं नाही.'

बॉनेटखाली चिकटवायचा कागद असतो:
तारीख, वजन, कुठलं तेल, कोणी केलं.
त्याचे हात तेलाचे, म्हणून लिहायचं मी.
बाल्देरास. इथपर्यंत येऊन पेन थांबतं.
बी की व्ही? आमच्या तोंडात दोन्ही सारखेच.
पाच महिने एका टेबलावर जेवून
मला विचारावं लागतं.

'बी,' तो म्हणतो. 'बुरोचा.' बुरो म्हणजे गाढव.
आणि पहिल्यांदाच हसतो, एक दात सोन्याचा.

झरोक्यात खोचलेला तापमापक नऊवर थांबतो.
बापाच्या वेळी पाच असायचं.
आई येते, ओढणी सावरत आत बसते,
काच चढवते, ती आता अडकत नाही,
आणि डोळे मिटून म्हणते,
आवाज कमी झालाय की हिचा.

तो जुना डबा फळीवर आहे,
हात धुवायच्या पावडरीशेजारी.
शनिवारी कोणी ट्रकवाला विचारेल,
किंमत मी सांगायची आहे.