हुप्प्याचं कापड

आंधळगावात हेडाऊंच्या ओट्यावर
आई थान उलगडते, मिटते.
साटिन डोळ्यांत खुपतं.
बाबांची प्रार्थनेची शाल पिशवीत आहे,
मधल्या घडीवर विरलेली
आणि चार बांबूंना हातभर आखूड.
"मधोमध हे शिवायचेत," आई म्हणते, शालीला.
"शाल लोकरीची. सोबत जवसाचा धागा चालत नाही आम्हांला."
हेडाऊ हसतात, "निस्ता कोसा हाय, बाई.
किड्यानं घर बांधलं, आमी उसवलं."

मग सगळे तलावाच्या पाळीवर.
त्यांची दोन पोरं, मी, वाटेतला एक गुराखी,
चार टोकं धरून.
दुपारचे चार; लग्नही याच वेळी.
वारा खालून शिरतो, कापड पोट फुगवतं,
गुराख्याचं टोक सुटतं, पुन्हा सापडतं.

आई वर बघतच नाही.
चपला काढून सावलीत उभी राहते,
अंगठ्यानं मातीत खुणा करते:
इथे तू. इथे रूबेन. इथे पेला फुटेल.
"हेच द्या."

घडी घालताना हेडाऊ विचारतात,
"अन् भिती कायच्या?"
"भिंती नसतात."
ते पाण्याकडे बघत राहतात जरा.
"मंग दोन हात जास्तीचं न्या.
वाराबी येईन ना लग्नाले."