कार्ड घातलेलं नाही

सकाळी साडेसहा. उणे चौतीस.
रात्रभर बॉनेटवर पांघरलेला नमदा
ओढून काढला तरी घडी मोडत नाही,
कुंपणाला टेकवून ठेवावा लागतो, रुसलेल्या पाहुण्यासारखा.
बटण दाबते. दिवे लागतात, आवाज नाही.
काही क्षण नुसतंच.
मग कुठूनतरी खोलातून इंजिन खाकरतं.
तो मधला गप्पपणा बिघाड नव्हे,
हे पटायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

मग ती बोलते. रोज एकच वाक्य, जपानीत,
मापात, बँकेतल्या बाईसारखं.
मी म्हणते, हो गं बाई, निघू या.

स्टिअरिंग उजवीकडे, आणि देशही उजवीकडूनच चालणारा,
म्हणून ओव्हरटेक करायचा तर शेजारच्या उतारूला विचारते,
"समोरून येतंय का कुणी?"
अनोळखी माणसं किती पटकन जबाबदार होतात!
उलानबातरच्या माझ्या रस्त्यावर
अशाच गाड्या, पुढे पाच, मागे नऊ,
सगळ्या कुणीतरी आधी वापरलेल्या.

उगाच बढाई नको.
या थंडीत हीटर लावला की पेट्रोल जातंच,
आणि कोळशाच्या धुरात माझा धूर कमी की जास्त
कोण मोजतंय.
तरी मे महिन्यात, पुलावरच्या जाममध्ये,
इंजिन आपणहून गप्प होतं
आणि मागच्या सीटवरच्या बाळाची जांभई ऐकू येते.

तिसऱ्या वर्षी लाल त्रिकोण लागला.
लुव्सानने मागचं झाकण उघडलं:
अठ्ठावीस पट्ट्या, खेटून बसलेल्या.
दोन मेल्या होत्या.
अपघातात गेलेल्या कुठल्याशा गाडीच्या दोन काढून
त्याने त्या जागी बसवल्या.
"आता मिश्र घराण्याची झाली," म्हणाला.
आधी नव्हती का, मी म्हटलं, आणि पैसे दोन हप्त्यांत दिले.

शरदात सासरे आले, डिकीत सोललेली मेंढी घेऊन.
खिंडीतून उतरताना पडद्यावरचे बाण बघत बसले.
"उतरताना भरते?"
हो.
"थांबताना?"
थांबताना तर भरतेच.
पुढच्या ओवोपर्यंत बोलले नाहीत.
तिथे काच खाली करून दगडांच्या राशीकडे पाहिलं
आणि म्हणाले, "तुझ्या सासूला जमायचं ते."

गेल्या आठवड्यात बिल्गून नावाचा पोरगा बसला,
जपानात चार वर्षं कोबी कापून आलेला.
सकाळची पहिलीच फेरी. ती बोलली, मी उत्तर दिलं,
तो हसायला लागला.
काय म्हणते रे ती?
"म्हणते, टोलचं कार्ड घातलेलं नाही."
बस, एवढंच?
"एवढंच."
पाच वर्षं मला वाटत होतं
सांभाळून जा म्हणतेय.

त्याने भाडं दिलं, वर पन्नास तुग्रुग जास्त,
बहुधा दया आली असावी.

नकाशाही तिथलाच, बदललेला नाही.
पडद्यावर सगळं निळं
आणि त्या निळ्यात माझा बाण, एकटा,
गल्ली वळली की वळणारा.
एकदा चाळा म्हणून घराचं चिन्ह दाबलं.
बराच वेळ गोल फिरत राहिली,
मग समुद्र ओलांडून एक सरळ रेष,
टोकाला कुणीतरी जपून ठेवलेलं दार.
कोण राहत असेल? गाडी विकताना
पत्ता पुसायचा विसरले,
की पुसवला नाही?

मीही पुसलेला नाही.
टेकडीवर, पाण्याच्या टपरीमागे, निळ्या कुंपणाशी गाडी लावते.
ती काहीतरी म्हणते, बहुधा तेच,
कार्ड विसरू नका वगैरे.
नाही विसरत, सांगते तिला.
दिवे विझतात. पत्रा कडकड आकसायला लागतो.
नमदा कुठे ठेवला मी?