चुकलंच माझं

मंडईत भाजीवालीनं मेथीची जुडी माझ्यावर रोखली,
"तुमीच बिघडवलाय त्या बंट्याला!
प्रगतिपुस्तक पिठाच्या डब्यात लपवता,
वर शिरा करून घालता!"
मी म्हटलं, चुकलंच माझं.
तिनं कोथिंबीर फुकट दिली.

साडेतीनशे भाग खोटं बोलतेय त्याच्यासाठी,
नवऱ्याशी, शाळेशी, परवा तर पोलिसाशी.
प्रत्येक थापेमागून हशा,
आधीच भरून ठेवलेला.

माझ्या निनादला गणितात एकोणीस पडले
तेव्हा चहाआधीच मी त्याच्या बाबांना सांगितलं होतं.
खरं ते खरं.

आता तो हडपसरला असतो. सणावारी येतो.
काल जेवता जेवता टीव्हीकडे बघून म्हणाला,
"ही बाई बरीय."

मी शिरा वाढायला उठले.
शिरा केलाच नव्हता.